चांदीच्या नळीची सक्ती? आधी हात धुवा!

खडूस_काका:
परवा इथे एकाने लिहिलं, "चांदीचा लेप असलेली लघवीची नळी सगळ्या हॉस्पिटलांत सक्तीची करा, सरकार झोपलंय." खाली सगळ्यांची वाहवा. अहो, ब्रिटनमधल्या २४ हॉस्पिटलांत सात हजारांवर पेशंटांवर हे तपासून झालंय, २०१२च्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आहे. सहा आठवड्यांत लक्षणांसह इन्फेक्शन झालं साध्या नळीला १२.६ टक्के, चांदीच्या नळीला १२.५. एवढ्यासाठी सक्ती? चांदीचे आयन प्रयोगशाळेत जंतू मारतात, खरंय. पण आत गेलेल्या नळीवर लघवीतली प्रथिनं आणि क्षार बसतात, त्यावर जंतूंचा चिकट थर. खाली गाडली गेलेली चांदी काय करणार?

मेघना_ठाणे:
अर्धवट माहिती! तो ट्रायल १४ दिवसांच्या आत निघणाऱ्या नळ्यांचा होता. माझे बाबा लकव्यानंतर कित्येक महिने नळीवर होते. सारखी थंडी वाजून ताप, मग सात-सात दिवस इंजेक्शनं. चांदीची नळी बसवली आणि ताप थांबला. तुमचे टक्के तुम्हालाच लखलाभ.

खडूस_काका:
तेव्हा आणखी काय काय बदललं तेही सांगा ना.

मेघना_ठाणे:
घरी नवा ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, ठेवला होता. त्याचा काय संबंध?

सिस्टर_लीड्स:
ताई, सगळा संबंध त्याचाच असू शकतो! भारतात नोकरी केली तेव्हा युरिनची पिशवी फरशीवर लोळताना पाहिलीय, स्ट्रेचरवर पेशंटच्या पोटावर ठेवून नेतानाही. लघवी उलटी आत जाते. नळी आत असलेल्या दर दिवसाला लघवीत जंतू सापडण्याची शक्यता ३ ते ७ टक्के. अर्ध्या नळ्या तर चादर बदलायला माणूस नाही म्हणून घातलेल्या असतात. एक सिस्टर आणि अख्खा वॉर्ड, तिने कुणाकुणाचं बघायचं? त्यावर धागा काढा कुणीतरी.

निखिल_जी:
ही महागाची नळी मिळते कुठे? हॉस्पिटलच्याच मेडिकलमध्ये! आईच्या वेळी बाहेरून आणलेली नळी "आमच्याकडे चालत नाही" म्हणून परत केली. २०१८मध्ये सरकारी औषध किंमत प्राधिकरणाने दिल्ली परिसरातल्या चार खासगी हॉस्पिटलांची बिलं तपासली, तर औषधं-साहित्यावर नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत!

डॉ_विदर्भ:
झालं, आता सगळे डॉक्टर चोर. छोटं नर्सिंग होम चालवून बघा. फायर एनओसी, जैविक कचऱ्याचे पैसे, मेडिक्लेमवाले सहा-सहा महिने बिल अडकवतात.

निखिल_जी:
म्हणजे तुमची फायर एनओसी आम्ही आईच्या लघवीच्या नळीतून भरायची?

डॉ_विदर्भ:
नीट बोला. रात्री तीन वाजता दार वाजवता तेव्हा एमआरपी विचारता का?

मेघना_ठाणे:
ते तीन वाजता विचारायचं सुचत नाही, हाच तर धंदा आहे.

खडूस_काका:
धागा नळीवर आहे हो, मेडिकलवर नाही.

डॉ_विदर्भ:
नळीवरच बोलतो. काका, तुम्ही सगळे लेप एका तागडीत टाकलेत. सेंट्रल लाइनला, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीला, क्लोरहेक्सिडिन आणि सिल्व्हर सल्फाडायझिन या जंतुनाशकांचा लेप उपयोगी पडतो, अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०११मध्ये शिफारस केलीय.

खडूस_काका:
केलीय. मी लघवीच्या नळीवर लिहिलं होतं, तरी घ्या, हा गुण तुमचा. पण अटीही वाचा: लाइन पाच दिवसांहून जास्त राहणार असेल आणि बाकी सगळे उपाय करूनही रक्तातलं इन्फेक्शन उतरत नसेल, तर. ते बाकीचे उपाय अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या १०३ आयसीयूंनी करून दाखवले, २००६ साली छापून आलं. हात धुणं, लाइन घालताना गाऊन-मास्क आणि पेशंटवर निर्जंतुक मोठी चादर, क्लोरहेक्सिडिनने त्वचा पुसणं, जांघेतली लाइन टाळणं, नको असलेली लाइन काढणं. दर हजार लाइन-दिवसांमागे (एका पेशंटला एक दिवस लाइन, म्हणजे एक लाइन-दिवस) इन्फेक्शन दीड वर्षात ७.७ वरून १.४वर आलं.

मेघना_ठाणे:
बरं बाई, सक्ती नको. ब्रदरचा पगार आणि चांदीची नळी, दोन्ही परवडणाऱ्याला तरी घेऊ द्याल? की त्यालाही 'लॅन्सेट'ची परवानगी?

सिस्टर_लीड्स:
घ्या की. पिशवी मात्र कमरेच्या खालीच ठेवा, चांदीची असली तरी.

निखिल_जी:
घ्या, पण कुठल्या मेडिकलमधून ते डॉक्टरांना विचारा.