नाना शंकरशेट : मुंबईचे पुढारी की सरकारमान्य शेट?

गिरगावकर
३१ जुलैला नानांची पुण्यतिथी आली की तीच उजळणी होते : १८५३ ची पहिली आगगाडी, जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचे संचालक, मुंबईचे शिल्पकार. माझ्या मते नानांचं मोठेपण रेल्वेत कमी आणि राजकारणात जास्त आहे. वडील १८२२ ला गेले आणि ऐन तारुण्यात पेढी अंगावर पडली. ती सांभाळून आरामात जगता आलं असतं. पण १८५२ ला बॉम्बे असोसिएशन ही लोकांच्या मागण्या सरकारपुढे मांडणारी संस्था उभी राहिली त्यात नाना पुढे होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेचं, म्हणजे राज्यकारभाराच्या परवान्याचं, नूतनीकरण तोंडावर आलेलं, ती वेळ साधून असोसिएशनने थेट ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज धाडला : कायदेमंडळात आमची माणसं घ्या, वरच्या जागा खुल्या करा, गोऱ्या अधिकाऱ्यांवरचा वारेमाप खर्च आवरा. काँग्रेसच्या तेहेतीस वर्षं आधी! सत्तावनच्या उठावात याच नानांवर सरकारने संशय घेतला, हेही विसरू नका.

सडेतोड
अर्ज होता, पण कुणाचा? शेटियांचा आणि चार बुकं शिकलेल्यांचा. गोदीतला हमाल किंवा वरळीचा कोळी त्या सभेत कुठे होता? पुढे नाना मुंबईच्या कायदेमंडळात गेले तेही गव्हर्नरच्या नेमणुकीने. ज्याला लोकांनी निवडलं नाही त्याला लोकनेता म्हणणं मला पटत नाही.

मुरबाडकर
निवडणूक आणायची कुठून? मुंबई पालिकेत मतदान आलं १८७२ च्या कायद्यानंतर, तेही फक्त करदात्यांना. नाना १८६५ लाच गेले.
गिरगावाजवळच्या सोनापूरचं उदाहरण घ्या. तिथली स्मशानभूमी शिवडीला हलवायचा सरकारचा घाट होता. शेटच्या दारात गाडी उभी असायची, त्यांचं काय अडत होतं? अडणार होतं गरिबाचं. खांद्यावर तिरडी घेऊन गिरगावातून शिवडी गाठायची, तीही पावसाळ्यात! नाना या प्रश्नावर सरकारशी भांडले आणि स्मशान सोनापूरलाच राहिलं. स्थानिक राजकारण यापेक्षा वेगळं काय असतं?

सडेतोड
सोनापूर मान्य. पण धर्माच्या प्रश्नावर सगळे एका सुरात बोलतात, तिथे पुढारपण सोपं असतं.

शाळामास्तरीण
मग शिक्षणाचं बघा, तिथे सूर एक नव्हता. १८४७ च्या सुमारास बोर्ड ऑफ एज्युकेशनचे, म्हणजे सरकारी शिक्षण मंडळाचे, अध्यक्ष न्यायाधीश अर्स्किन पेरी सगळा भर इंग्रजीवर देत होते. नाना त्याच बोर्डात होते. मुलांना देशी भाषेतून शिकवा, तरच विद्या सामान्यांपर्यंत पोचेल, हे त्यांनी लेखी मांडलं. एका बड्या इंग्रज न्यायाधीशाविरुद्ध! दोन वर्षांनी मुलींच्या शाळेला स्वतःच्या वाड्यात जागा दिली, तीही जुन्या वळणाच्या लोकांची नाराजी पत्करून. मी रोज मराठी शाळेत शिकवते, म्हणून मला हा माणूस फार जवळचा वाटतो.

सडेतोड
बाई, भाषेच्या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूचा. पण शाळेच्या पायरीपर्यंत पोचणार कोण? जोतीरावांनी पुण्यात १८४८ ला मुलींची शाळा काढली ती पाठीशी पेढी नसताना. आणि १८८२ ला सरकारच्या शिक्षणविषयक हंटर कमिशनपुढे त्यांनीच सांगितलं, की शेतसारा भरतो शेतकरी आणि शिकतात वरच्यांची मुलं. नानांच्या अर्जांत हा शेतकरी मला दिसत नाही.

शाळामास्तरीण
बरोबर, तो तिथे ठळक नाही. पण देशी भाषेचा आग्रह निदान त्याच्याच मुलाच्या उपयोगाचा होता. पेरींचं सगळं खरं झालं असतं, तर त्याला शाळेचं दारही दिसलं नसतं.