मदत हवी आहे : भा. रा. भागवतांच्या ‘बालमित्र’चे जुने अंक कुठे पाहता येतील?

आमच्या शाळेच्या वाचनालयात भा. रा. भागवतांवर (१९१०–२००१) छोटं प्रदर्शन लावतोय. फास्टर फेणेची पुस्तकं भरपूर जमली, ज्यूल व्हर्नची त्यांनी मराठीत आणलेली पुस्तकंही मिळाली. पण मुलांना सगळ्यात जास्त कुतूहल आहे ते फुरसुंगीच्या बनेशचं (म्हणजे फास्टर फेणेचं) नाही, तर त्यांचा हा लाडका लेखक मासिकही चालवायचा, याचं! आणि नेमकं ‘बालमित्र’च हाती लागत नाही.

आतापर्यंत केलेले प्रयत्न : नाशिकमधली दोन ग्रंथालयं पालथी घातली, पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या आणि आसपासच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे विचारलं. इंटरनेटवर मुखपृष्ठाचे एक-दोन धूसर फोटो सापडले, ते मोठे करून छापण्याजोगे नाहीत.

अंक विकत किंवा घरी न्यायला नकोत. मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि जमलं तर संपादकीय, एवढ्याचे मोबाइलवर फोटो काढायचे आहेत. १९५० च्या दशकातले तीन-चार अंक पुरेत. प्रदर्शन शाळेपुरतंच, तिकीट वगैरे काही नाही. पुणे, मुंबई, ठाणे कुठेही येईन, पण फक्त शनिवारी. रविवारी बहुतेक संदर्भ विभाग बंदच असतात.

(फेसबुकवरच्या संग्राहकांच्या गटात विचारून झालंय, तिथे सगळे किशोर आणि चांदोबाच दाखवतात.)

तर ‘बालमित्र’चे बांधीव खंड प्रत्यक्ष पाहिलेलं कुणी आहे का? कोणत्या ग्रंथालयात, आणि तिथे सभासद नसलेल्याला शाळेच्या पत्रावर फोटो काढू देतात का?