जागेपणी गाठ काढून घेताना नेमके काय जाणवते?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर)
माझ्या उजव्या खांद्यामागे लिंबाएवढी चरबीची गाठ आहे. ती दुखत नाही, पण पिशवीचा पट्टा नेमका तिच्यावर येतो आणि वर्षभरात ती वाढली आहे, म्हणून डॉक्टरांनी पुढच्या मंगळवारी तेवढाच भाग बधिर करून ती काढायचे ठरवले आहे. पूर्ण भुलीची गरज नाही, हे मला पटते. तरीही झोप लागत नाही, कारण बारा वर्षांची असताना, गाल सुजलेला असतानाच माझी दाढ काढली होती आणि बधिरतेचे इंजेक्शन देऊनही मला सगळे दुखत होते. "काही दुखत नाही, उगाच रडू नकोस," असे तेव्हा मला सांगण्यात आले. ज्यांनी असा अनुभव घेतला आहे, त्यांनी केवळ धीर देण्यासाठी नव्हे, तर जसे असते तसे लिहावे.

उत्तर १ (शाहूपुरी)
ताई, माझ्या पाठीवरची गाठ गेल्या वर्षी अशीच काढली. सर्वांत जास्त दुखते ते इंजेक्शन. औषध आत जाताना काही सेकंद चांगलेच जळजळते, पण तेवढेच. नंतर मी पालथा पडून होतो, पाठीवर हिरवे कापड होते आणि आत कोणीतरी कणीक तिंबत असावे तसे दाबणे आणि ओढणे जाणवत होते. कात्रीचा आवाज ऐकू येत होता, रक्तवाहिनी बंद करताना जळका वासही आला. दुखत मात्र नव्हते. हे ओढणे जाणवणार असल्याचे मला आधी कोणी सांगितले नव्हते, त्यामुळे बधिरता उतरत चालली की काय, या भीतीने मी विनाकारण घामाघूम झालो.

उत्तर २ (परिचारिका, शस्त्रक्रियागृहात १९ वर्षे)
तुम्ही लहानपणी उगाच रडत नव्हता, हे आधी सांगते. लिग्नोकेन हे बधिरतेचे औषध मज्जातंतूंतील सोडियमची वाट अडवते, म्हणून वेदनेचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचत नाही. पण सुजलेल्या, पू धरलेल्या जागी ऊती आम्लधर्मी झालेल्या असतात आणि तेथे औषध मज्जातंतूच्या आत पुरेसे शिरत नाही. तुमच्या गाठीला सूज नसेल, तर ती अडचण येणार नाही. वेदना वाहणारे बारीक तंतू लवकर बधिर होतात आणि दाब कळवणारे जाड तंतू उशिरा, म्हणून वर लिहिल्याप्रमाणे ओढणे जाणवते. औषधात बहुधा ॲड्रेनलिन मिसळलेले असते. त्याने रक्तस्राव कमी होतो आणि बधिरता अधिक काळ टिकते, मात्र काही जणांना थोडा वेळ धडधडते. रक्त पातळ करणारी गोळी, रक्तदाब, हृदयविकार, पूर्वी औषधाची आलेली ॲलर्जी किंवा सुई पाहून येणारी चक्कर, यांपैकी काहीही असल्यास आधीच सांगा. दाढेची हकीकतही सांगा, संकोच करू नका.

उत्तर ३ (गंगावेश)
दुखले तर अंग हलवायचे नाही, तोंडाने सांगायचे; कोणता शब्द उच्चारला की हात थांबवायचा, हे डॉक्टरांशी आधीच ठरवून घ्या. उपाशी यायचे की खाऊन, हेही त्यांनाच विचारा. परतताना दुचाकी स्वतः चालवू नका.

प्रश्नकर्ती, मंगळवारी रात्री
सर्वांचे मनापासून आभार. दाढेची गोष्ट सांगितल्यावर डॉक्टरांनी सुरुवात करण्यापूर्वी चिमट्याने चारही बाजूंनी तपासून पाहिले. गाठीची खालची कड सोडवताना मात्र एकदा खरोखर टोचले. मी "थांबा" म्हणाले आणि त्यांनी त्याच क्षणी हात उचलला, आणखी औषध दिले आणि मी "आता चालेल" म्हणेपर्यंत ते थांबून राहिले. त्यानंतर मी तिथेच रडले, पण ते दुखण्याचे रडणे नव्हते. गाठ सोललेल्या चिकूएवढी आणि लोण्यासारखी पिवळी निघाली. ती तपासणीसाठी पाठवली आहे. टाके बाराव्या दिवशी काढायचे आहेत.