गुडघेदुखीसाठी घरी टेन्स मशीन घ्यावे का?

वारणाकाठ (प्रश्न)

नमस्कार. माझ्या आईचे वय ६९ आहे. दोन्ही गुडघ्यांची झीज झाली असून उजवा गुडघा अधिक दुखतो. तालुक्याच्या फिजिओथेरपी केंद्रात तिला शेक आणि चार पॅड लावून करंट असे उपचार मिळाले, त्याने त्या दिवसापुरता बरा आराम पडत असे. परंतु एसटीचा प्रवास आणि केंद्राचा जिना यांतच तो आराम निम्मा खर्ची पडतो, म्हणून आता ती जायला नाखूश असते. बॅटरीवर चालणारे लहान टेन्स मशीन (त्वचेवर पॅड लावून सौम्य करंट देणारे) घरी आणावे असा विचार आहे. केंद्रातले मशीन आणि हे एकच का? ते किती वेळ व कसे लावावे? आईला अनेक वर्षांपासून मधुमेह आहे आणि वडिलांना पेसमेकर बसवलेला आहे, हेही लक्षात घेऊन जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

सांधेसोबती

मी फिजिओथेरपिस्ट आहे. केंद्रात चार पॅड लावून दिला जाणारा करंट बहुधा आयएफटीचा (इंटरफेरेन्शियल थेरपी) असतो. त्यात साधारण ४००० हर्ट्झचे दोन प्रवाह एकमेकांना छेदतील असे पॅड लावले जातात. टेन्समध्ये थेट कमी वारंवारितेच्या लहान लहान लहरी त्वचेतून मज्जातंतूंपर्यंत जातात. तंत्र वेगळे असले तरी उद्देश वेदनाशमनाचाच आहे, आणि एक दुसऱ्यापेक्षा ठळकपणे सरस आहे असे म्हणता येत नाही. त्यामुळे आईंना केंद्रात आराम पडत असेल, तर घरच्या टेन्सनेही पडण्याची शक्यता आहे.

यामागचा विचार १९६५ साली संशोधक रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडला. स्पर्श वाहून नेणारे जाड मज्जातंतू उत्तेजित झाले, की मज्जारज्जूच्या पातळीवरच वेदनेच्या संदेशांना अटकाव होतो, असा त्याचा सारांश. ठेच लागल्यावर आपण ती जागा चोळतो, तेव्हा नकळत हेच साधत असतो. कूर्चेची झीज मात्र यातल्या कशानेही भरून येत नाही, हे आईंना आधीच स्पष्ट सांगावे.

मधुमेहाच्या बाबतीत एक चाचणी घरीच करा. आईंना डोळे मिटायला सांगून गुडघ्याभोवती आणि पोटरीवर कापसाचा बोळा हलकेच टेकवा, आणि कुठे टेकला ते बोटाने दाखवायला सांगा. जिथे स्पर्श नीट कळत नाही, तिथे पॅड लावू नये, कारण करंट जास्त झाला तरी तिथे तो जाणवणार नाही आणि त्वचा भाजू शकते. जखम, पुरळ किंवा सुजलेली शीर असलेली जागाही टाळावी. एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखू लागली, किंवा गुडघा लाल व गरम होऊन ताप आला, तर मशीन बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवावे.

वडिलांनी हे मशीन स्वतःला अजिबात लावू नये. पाठ दुखली म्हणून सहज लावून पाहिले, असे घरोघरी घडते. म्हणून मी मुद्दाम सांगतो. पेसमेकर असताना ते वापरायचे की नाही, हे केवळ त्यांचे हृदयरोगतज्ज्ञच ठरवू शकतात. आईंनी शेजारच्या खुर्चीत बसून वापरले तर करंट त्यांच्या पॅडांदरम्यानच राहतो; मात्र मशीन सुरू असताना वडिलांनी पॅड किंवा वायरी हाताळू नयेत.

शंकेखोर

वरील माहिती योग्य आहे, पण खरेदीपूर्वी दुसरी बाजूही पाहावी. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत गुडघ्याच्या झिजेसाठी टेन्स वापरू नये अशी ठाम शिफारस केली आहे, आणि ब्रिटनच्या नाइस या संस्थेनेही २०२२ मध्ये झिजेच्या रुग्णांना ते देऊ नये असेच म्हटले. उलट त्याच वर्षी बीएमजे ओपन या नियतकालिकात ३८१ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, आणि त्यात मशीन सुरू असताना व लगेच नंतर वेदना कमी होते असा निष्कर्ष निघाला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. तासाभराचा आराम वेगळा आणि महिन्यांनंतर चालण्या-बसण्यात दिसणारा फरक वेगळा. शिवाय खऱ्या करंटच्या झिणझिण्या रुग्णाला कळतातच, त्यामुळे करंट न देणाऱ्या खोट्या मशीनशी तुलना करणाऱ्या चाचण्या चोख करणे अवघड जाते.

माझ्या मते या सूचनांतील महत्त्वाचा भाग नकाराचा नाहीच. दोन्हींत व्यायाम अग्रस्थानी आहे आणि वजन अधिक असल्यास ते घटवण्यावर भर आहे. मशीन घेतल्यावर आईंचा व्यायाम सुटणार असेल, तर ते न घेतलेले बरे.

ओसरीवर

मी कंबरदुखीसाठी टेन्स वापरते. शंकेखोर यांच्या शेवटच्या वाक्याशी सहमत आहे, पण अनुभव असा, की मशीनमुळे व्यायाम सुटत नाही, उलट होऊ लागतो. दुखणे कमी असते त्याच वेळात मी व्यायाम उरकते. एरवी कंबर धरलेली असताना कोणी कितीही सांगितले तरी अंग हलवावेसे वाटत नाही.

काही व्यवहाराच्या गोष्टी सांगते. आपल्याकडे गुडघ्याला रात्री महानारायण तेल नाही तर बाम चोळण्याची पद्धत असते, आणि पॅडचा खरा शत्रू तोच आहे. तेलकट त्वचेवर जेल धरत नाही, कडा उचलल्या जातात आणि जेवढा भाग चिकटलेला असतो तेवढ्यातच करंट एकवटून सुईसारखा टोचतो. साबण-पाण्याने जागा धुऊन, पूर्ण कोरडी करून मगच पॅड लावावेत आणि काढल्यावर त्यांच्या प्लॅस्टिकच्या कागदावर परत चिकटवून ठेवावेत. चिकटपणा कमी झाला तर बोटाने पाण्याचा एखादा थेंब पसरल्यास ते थोडे दिवस आणखी चालतात, पण कधीतरी नवे घ्यावेच लागतात. म्हणून मशीनच्या किमतीपेक्षा त्याच मापाचे पॅड सहज मिळतात का, हे आधी पाहावे. खोक्यावर वैद्यकीय उपकरणाचा परवाना क्रमांकही शोधावा. ‘सर्व दुखण्यांवर रामबाण’ असे लिहिलेले खोके मी तरी दुकानातच ठेवून येईन.

वारणाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. कापसाची चाचणी केली. गुडघ्याभोवती स्पर्श सगळीकडे कळतो, तळपायाला मात्र कमी. आई म्हणते की केंद्रात करंट अगदी हलका ठेवत असत. घरी किती ठेवावा, आणि रात्री लावून झोपले तर चालेल का?

सांधेसोबती

लावून झोपू नये. पॅड सरकला तर कळत नाही. तळपायाला पॅड लावू नयेत, आणि संवेदना कमी झाल्याचे मधुमेहाच्या डॉक्टरांना अवश्य सांगावे, कारण ती तक्रार गुडघ्यापेक्षा लहान नाही.

मशीनला दोन चॅनेल (पॅडच्या दोन स्वतंत्र जोड्या) असल्यास एकाचे पॅड गुडघ्याच्या वर आणि दुसऱ्याचे खाली, वाटीच्या दोन्ही बाजूंना येतील असे लावा. पॅड एकमेकांना टेकू देऊ नका. वारंवारिता ८० ते १०० हर्ट्झच्या आसपास ठेवून, करंट शून्यापासून हळूहळू वाढवत न्या. झिणझिण्या जोरदार जाणवाव्यात, पण दुखू नयेत, आणि या पद्धतीत स्नायू उडूही नये. अगदी जेमतेम जाणवेल एवढ्या करंटचा उपयोग बहुधा होत नाही. काही मिनिटांत शरीराला सवय होऊन संवेदना मंदावते, तेव्हा आणखी थोडा वाढवावा. अर्धा-पाऊण तास पुरेसा आहे. तेवढ्या वेळात खुर्चीत बसून गुडघा सरळ करून धरण्याचा व्यायाम करून घ्या, म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूला बळ येईल. पॅड काढण्यापूर्वी मशीन बंद करावे. त्वचा जराशी गुलाबी दिसली तर चिंता नको. लाली तासाभरात गेली नाही किंवा खाज सुटली, तर पॅड बदलून पाहावेत.

खरेदीपूर्वी एकदा आईंच्या फिजिओथेरपिस्टकडे जाऊन तिथलेच टेन्स लावून पाहा. तिथे नीट जोराने लावूनही काही फरक पडला नाही, तर घरी आणूनही पडण्याची शक्यता कमी आहे, आणि ते पैसे वाचतील.