गहू बंद करूनही पोट बिघडतंय, आणखी काय बाधतंय ते कसं शोधायचं?

घावनप्रेमी, रत्नागिरी: सीलिअ‍ॅकचं निदान झालंय (गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होते), गहू सोडून आठ महिने झाले. तांदळाची भाकरी, घावन, मासे, सोलकढी एवढंच खाणं. तरी आठवड्यातून दोनतीनदा पोट फुगतं, जुलाब होतात. रक्तातून शंभरेक पदार्थांची 'आयजीजी' (प्रतिपिंडांची) तपासणी मिळते. करावी का?

पथ्यपाणी: नको. आयजीजी एवढंच सांगतं की तो पदार्थ तुमच्या खाण्यात आहे. अहवालात रोजचा भात-नारळच 'लाल' येईल, आणि ते सोडून खाणार काय? टीटीजी-आयजीए ही सीलिअ‍ॅकची रक्ततपासणी पुन्हा करा. उतरत नसेल तर ग्लुटेन कुठूनतरी जातंय. नॉर्मल आला तरी किरकोळ भेसळ असू शकते.
पहिला संशय गिरणीवर. गव्हापाठोपाठ तांदूळ टाकला की जात्यात अडकलेलं पीठ त्यात उतरतं. तांदूळ-नाचणीपुरती वेगळी घरघंटी ठेवा. दुसरा संशय डबीतल्या हिंगावर, त्यात बरेचदा मैदा असतो. खानावळीत सुरमईला तांदळाचं पीठ लावून घेतलंत तरी तवा आणि तेल रव्याचंच.

नारळीपाक: हे निस्तरलं की मग संशय दुधावर. आतड्याची लव झिजली की दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारं लॅक्टेज कमी पडतं. दोन आठवडे दूध, दही, ताक, पनीर बंद. मग सकाळी 100 मिली दूध, दुसऱ्या दिवशी 200, आणि पुढचे तीन दिवस नुसतं लक्ष ठेवा. एका वेळी एकच पदार्थ, वेळ लिहून.
सोलकढीतल्या नारळाच्या दुधात लॅक्टोज नसतं, पण लसूण असते. लसणीतलं फ्रुक्टान (नीट न पचणारं, पोट फुगवणारं कर्बोदक) पाण्यात उतरतं, तेलात नाही. म्हणून पाकळ्या तेलात परतून काढून टाका, स्वाद राहतो.

खाडीकाठ: बांगडा-तारली खाऊन तासाभरात चेहरा लाल, अंगाला खाज, डोकं जड झालं, तर मासा बर्फाविना राहिलेला असू शकतो. त्यात हिस्टामिन तयार होतं आणि शिजवून जात नाही. त्याला 'बांगडा सोसत नाही' म्हणू नका. कोळंबीने ओठ सुजले किंवा घसा आवळला तर मात्र घरी प्रयोग नाही, थेट दवाखाना.

घावनप्रेमी: हिंगाची डबी पाहिली. घटकांत गव्हाचं पीठ छापलंय!

पथ्यपाणी: मग वर्षाच्या मालवणी मसाल्यात कुठला हिंग पडलाय तेही विचारा. पडला असेल तर तो मसाला बाजूला. महिनाभर बाकी काही बदलू नका, नाहीतर गुण कशाने आला ते कळायचं नाही. वजन उतरत असेल किंवा शौचात रक्त दिसलं तर महिना थांबू नका.