चार कोपऱ्यांवर धरलेल्या पातळ प्लेटची वारंवारता गणितापेक्षा कमी का येते?

प्रश्न:
300 मिलिमीटर बाजूची, 2 मिलिमीटर जाडीची अ‍ॅल्युमिनियमची चौरस प्लेट चारही कोपऱ्यांशी टोकदार पिनांनी वरून-खालून धरली आहे. पातळ प्लेटच्या सिद्धांतानुसार पहिली नैसर्गिक वारंवारता सुमारे 39 हर्ट्झ यायला हवी. मध्यभागी 25 ग्रॅमचा अ‍ॅक्सेलरोमीटर (कंपन मोजणारा सेन्सर) चिकटवून हातोडीने ठोका दिल्यावर ती 35 येते. शिवाय मोजलेल्या आलेखात 87 हर्ट्झजवळ एकच शिखर अपेक्षित असताना, सेन्सर कडेकडे सरकवल्यावर 79 आणि 82 अशी दोन शिखरे दिसतात. आधार ढिले आहेत असे समजावे का?

प्रतिसाद 1:
आधारांना दोष देण्याआधी सेन्सरचे वजन विचारात घ्यावे. प्लेट जेमतेम अर्ध्या किलोची आहे, आणि पहिल्या मोडमध्ये (कंपनाच्या पहिल्या नैसर्गिक आकारात) मध्यभाग सर्वाधिक हलतो तर कोपरे स्थिर राहतात, त्यामुळे परिणामकारक वस्तुमान, म्हणजे कंपनात जणू पूर्ण हलणारे वजन, निम्म्याहूनही कमी भरते. त्यापुढे 25 ग्रॅम मुळीच किरकोळ नाहीत. तेवढेच आणखी एक वजन सेन्सरच्या बरोबर खाली, प्लेटच्या मागच्या बाजूला चिकटवून पुन्हा मोजावे. वारंवारतेच्या वर्गाचा व्यस्त वाढवलेल्या वस्तुमानाबरोबर सरळ रेषेत वाढतो. ती रेषा शून्य वजनापर्यंत मागे नेली की मोकळ्या प्लेटची वारंवारता मिळते. प्लेटचे वजन करून खरी जाडीही काढावी, कारण वारंवारता जाडीच्या सम प्रमाणात असते.

प्रतिसाद 2:
मला दोन शिखरे अधिक महत्त्वाची वाटतात. चौरसाच्या सममितीमुळे तिथे समान वारंवारतेचे दोन मोड असतात. सेन्सरचे वजन ही जोडी फोडते खरे, पण मग त्यांपैकी एका मोडची निस्पंद रेषा (जिथे प्लेट हलतच नाही ती रेषा) सेन्सरखालूनच जाते आणि तो मोड त्या सेन्सरला दिसतच नाही. दोन्ही दिसतात, म्हणजे सममिती अन्यत्रही भंगलेली आहे: पत्रा लाटल्याच्या दिशेमुळे किंवा एखाद्या पिनमुळे. सेन्सर काढून क्लाडनी यांची 1787 मधली वाळूची पद्धत वापरा; खाली लाउडस्पीकर ठेवून, वाळू जिथे गोळा होते त्या निस्पंद रेषा पाहा, मग प्लेट 90 अंशांनी फिरवा. रेषा प्लेटबरोबर फिरल्या तर कारण पत्र्यात, जागीच राहिल्या तर आधारात.

प्रश्नकर्ता:
दुसरे वजन लावल्यावर 33.4 हर्ट्झ आले. रेषा मागे नेता सुमारे 37 मिळतात. प्लेट 462 ग्रॅम भरली, म्हणजे जाडी 1.9 मिलिमीटर, आणि त्या जाडीला गणितही 37 च देते. वाळूच्या रेषा मात्र जागीच राहिल्या, त्यामुळे आता एकेका पिनचा दाब बदलून पाहत आहे.