सुतळीच्या वॉल हँगिंगला बुरशी, काय करू?

दोरीवाली:
दादरच्या घरात सुतळीच्या गाठी मारून मारून चार फुटी लाट केली, खाली चौपाटीवरचे शिंपले ओवले, आणि जुलैत बघते तर मागच्या बाजूला काळे ठिपके नि कुबट वास. कुणाला अनुभव?

माहीमकर:
भिंतीला चिकटून टांगलंयस ना? तिथेच घोळ. ताग हवेतला ओलावा पितो, मागे हवा खेळत नाही म्हणून बुरशी धरते. मधे लाकडाच्या पट्ट्या ठोक. ऊन पडलं की गच्चीत टाक, कोरड्या ब्रशने झटक, तोंडाला फडकं बांधून हां. धुऊ मात्र नकोस, गाठी आवळतात आणि लाटेची गोधडी होते (माझी झालीये)

गाठोडं:
मृणालिनी मुखर्जींचं काम बघ, जन्म मुंबईचाच, १९४९. हेम्पच्या दोऱ्या रंगवून, आधी स्केच न काढता, हातानेच गाठी मारत माणसाहून उंच शिल्पं उभी केली, झाडाचा बुंधा, फूल, देवता सगळं एकातच… नंतर सिरॅमिक आणि ब्राँझकडे वळल्या. मला दोऱ्यांचंच जास्त आवडतं.

दोरीवाली:
पट्ट्या आणते. आई म्हणतेय ते पायपुसणं आधी बाहेर काढ 😄